थंड पाण्यातून वर आल्यावर

केतकी, ये इकडे. लांबूनच 'हाय मावशी' करून पळू नकोस. कुठेतरी नीट टेक, आणि माझा हा रेकॉर्ड केलेला निरोप संपेपर्यंत त्या फोनवर दुसरं काही उघडू नकोस. बिझी आहेस म्हणे. अगं, बिझी माणूस निदान फोन उचलून 'बिझी आहे' असं सांगतो. तू उचलतच नाहीस, नुसता तो लाल बदाम पाठवतेस. त्या बदामानं माझं पोट भरतं का? दिवाळीला आली नाहीस, संक्रांतीला आली नाहीस. तिळाच्या वड्या पोस्टानं पाठवल्या तर 'यम्मी' एवढं एकच अक्षर आलं. बोस्टनजवळच्या त्या तुझ्या श्रूजबरीहून इथे ॲन आर्बरला विमान येत नाही असं तर नाही ना झालं?

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. पीएचडी मध्यावर सोडलीस, मास्टर्सवर बाहेर पडलीस, तिथल्याच एका लॅबमध्ये नोकरीला लागलीस. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडात तुझ्यासाठी एकच शब्द आहे: का? गाईडशी पटलं नाही का? तब्येत का? कोणी मुलगा का? मंडळाच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, 'तुमच्या भाचीचं काय हो झालं?' मी म्हटलं, काही झालं नाही, उंची तेवढीच आहे. आणि तुझी आई. नाशिकची संध्याकाळ झाली की इथे माझ्या चहाच्या वेळेला सुमनचा फोन: 'ताई, तू तरी विचार गं. तुला सांगेल ती.'

मी विचारलं नाही. विचारणारही नाही. का नाही, ते मात्र सांगते.

आज सकाळी तुझ्या गौरीताईनं बेसमेंटमधून तिचा ड्राय सूट, तो पाणी आत न येऊ देणारा पोशाख, वर आणला. इथलं बर्फ आता फक्त पार्किंगच्या कडेला काळं होऊन पडलंय, तळ्यांवरचं गेलं. म्हणजे हिचा मोसम आला. हॉलमध्ये चादर पसरली, त्यावर तो सूट हातपाय पसरून आडवा घातला, आणि गळ्याच्या, मनगटांच्या रबरी पट्ट्यांना टाल्कम पावडर लावत बसली. नंतर पाठीवरच्या लांबलचक चेनला मेण. घरभर रबराचा आणि पावडरीचा वास सुटला. बाळंतिणीच्या खोलीत सायकलचं दुकान काढलं तर येईल तसा. समीर जावई म्हणाले, 'आई, खिडकी उघडू का?' मी म्हटलं, राहू द्या. मला त्या वासाबरोबर मागचा सगळा उन्हाळा आठवत होता.

तुला फोटोंवरून एवढंच माहीत असेल की गौरी पोहते. ती पोहत नाही गं, ती बुडते. मुद्दाम, पैसे भरून. ह्यूरन म्हणून एक सरोवर आहे, इथून गाडीनं वर उत्तरेला जावं लागतं. सरोवर म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. त्याच्या तळाशी जुनी जहाजं पडली आहेत. वादळात बुडालेली, धुक्यात एकमेकांवर आदळलेली. पाणी गोडं आणि फ्रिजमधल्यासारखं गार, म्हणून लाकूड कुजत नाही. गौरीच्या लाडक्या जहाजाचे दोन खांब अजून उभे आहेत म्हणे. कोळसा नेणारं शिडाचं जहाज. शिंपल्यांनी मढलेलं. मागच्या टोकाला त्याचं सुकाणूचं चाक आहे, आऱ्यांसकट, जणू कोणीतरी आत्ताच हात काढून घेतला. ते चाक बघायचं, एवढंच तिच्या डोक्यात. ते सगळ्यांत खोल. त्यासाठी ती दोन वर्षं शिकत होती, एकेक पायरी खाली उतरत होती.

मी काय म्हणणार? मी सातवी शिकलेली बाई. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्या सोडवून वाचलेलं. तीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले आणि त्यातून हिला इंजिनियर केलं. कॉम्प्युटरवर बसायला शिकवलं आणि ही तळाशी जाऊन बसली! मी स्पष्ट सांगितलं, 'बंद कर.' ती म्हणाली, 'आई, एक सीझन तू बोटीवर ये. सगळं बघ. मग म्हणालीस बंद कर, तर करते. प्रॉमिस.' समीररावांना बोट लागते, ते किनारा दिसला तरी लिंबू हुंगतात. म्हणून मी गेले. हुकूम माझ्या हातात होता, तो कधी काढायचा एवढंच ठरवायचं होतं.

पहिल्या दिवशीची थंडी अजून आठवते. जून लागला होता तरी माझ्या अंगावर नऊवारी सोडून जे जे म्हणून कपडे असतात ते सगळे होते. गौरी आधी आत गोधडीसारखा जाड सूट घालते, त्यावर तो रबरी गळ्याचा. आणि सांगू का, हसू नकोस, त्याच्या आत लंगोट. पाण्यातून मधेच बाथरूमला जाता येत नाही ना! मी म्हटलं, 'अगं, चाळिशीला लंगोट? मला सांगायचंस, मऊ सुती शिवून दिले असते, तुझ्या लहानपणीचं माप आहे माझ्याकडे.' ती म्हणाली, 'आई, प्लीज, हळू बोल.' जसं काही बोटीवर सगळ्यांना मराठी येतं.

बोट वॉल्टची. वॉल्ट म्हणजे माझ्याच वयाचा, पांढऱ्या मिशांचा, शब्द मोजून वापरणारा म्हातारा. आणि गौरीचा जोडीदार बेन. पाण्यात एकट्यानं जायचं नाही, जोडीनंच जायचं. एक वळला की दुसऱ्यानंही वळायचं. बेन शाळेत गणित शिकवतो, दारात तिरका होऊन शिरतो एवढा आडव्या अंगाचा, आणि मला 'आई' म्हणतो. गौरी म्हणते म्हणून. त्याला वाटतं ते माझं नावच आहे.

उतरायच्या आधी वॉल्ट टोपी काढतो आणि दरवेळी तेच बोलतो. घरातल्या कर्त्या पुरुषानं आरतीच्या आधी घसा खाकरावा तसं. त्याचं इंग्रजी मिशीतून गाळून येतं, मला पहिल्यांदा काही कळलं नाही. मला वाटलं, प्रार्थना असेल. मी हात जोडले.

मग ते दोघं पाठीवर नळकांडी घेऊन पाण्यात पडले, धप्प, धप्प. एक दोर तळापर्यंत गेलेला असतो, तो धरून खाली. थोड्या वेळानं पाण्यावर नुसते बुडबुडे. केतकी, पोटच्या पोरीचे बुडबुडे बघत बसणं म्हणजे काय ते तुला सांगता येणार नाही. दूध उतू जाईल म्हणून गॅससमोर उभं राहतो ना, तसं. नजर हलवली की काहीतरी होईल. वॉल्टनं मला कॉफी दिली, ती तशीच गार झाली.

बुडबुडे लवकरच बोटीकडे आले. ठरल्यापेक्षा फारच लवकर. दोघं वर चढले. बेननं पाण्याखाली अंगठा वर केला होता, म्हणजे 'आता वर जायचं' अशी त्यांची खूण, आणि दोघं वळले होते. आता मी गप्प बसेन का? मी उठून त्याच्या अंगावर टॉवेल टाकला आणि सुरू झाले. 'व्हॉट हॅपन्ड बेन? सिक? स्टमक? व्हाय यू कम बॅक?' तो म्हणाला, 'आय ॲम फाइन, आई.' मी म्हटलं, 'फाइन, देन व्हाय?' आल्याची वडी दिली आणि परत विचारलं. त्याचे कान लाल झाले. वॉल्ट दोर गुंडाळत होता, तो थांबला. गौरी माझ्याकडे बघून मान हलवत होती. मला वाटलं, पोरीला थंडी वाजते आहे.

मायेनं विचारलं गं. आपल्याकडे कोणी अर्ध्यातून परत आला आणि घरातल्यांनी विचारलं नाही, तर त्याला वाटेल ह्यांना माझी पडलेलीच नाही.

पुढच्या फेरीला बेन वर यायलाच तयार नव्हता. म्हणजे ते मला नंतर कळलं. गौरीनंच बघितलं की त्याचा हात थरथरतोय, सूटमध्ये हवा सोडायचं बटण बोटांना सापडत नाहीये, तरी हा पुढे चाललाय. तिनं अंगठा वर केला, त्याला वळवलं. वर आला तेव्हा ओठ जांभळे. वॉल्टनं त्याच्या हातांवर कोमट पाणी ओतलं. त्या दिवशी मी काही विचारलं नाही, घाबरले होते म्हणून.

परतीच्या वाटेवर गौरी गाडी चालवत होती. दोन्ही बाजूंना नुसती पाइनची झाडं आणि हरणांच्या पाट्या. मग म्हणाली, 'आई, तुला माहितीये तो आधीच वर का आला नाही?' मी म्हटलं, का? 'म्हणाला, परत तुझ्या आईला एक्स्प्लेन करावं लागलं असतं.'

मी आधी रागावलेच. म्हटलं, एवढा धटिंगण आणि मला घाबरतो? आल्याची वडीच दिली ना मी, लाटणं तर नाही? तेव्हा तिनं मला वॉल्टची ती 'प्रार्थना' मराठीत सांगितली. कोणीही, केव्हाही, कुठल्याही कारणानं वळू शकतो. थंडी वाजली, भीती वाटली, नुसतं मन झालं नाही, तरी. आणि वर आल्यावर त्याला कोणी विचारायचं नाही.

'कोणीच नाही?'

'कोणीच नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर सांगेल. पण आपण विचारलं ना आई, की पुढच्या वेळी तो खाली कारण शोधत बसतो. वर जाऊन सांगण्यासारखं कारण. आणि ते सापडेपर्यंत उशीर होतो.'

मी खिडकीबाहेर बघत बसले. आपल्याकडे कोणी घराबाहेर पडताना 'कुठे' विचारायचं नसतं. विचारलं की आपणच जीभ चावतो, जाणारा परत येऊन टेकतो, घोटभर पाणी पितो, मग निघतो. एवढं आपण सांभाळतो. पण आत येणाऱ्याला, चप्पल काढायच्या आत, आपण सगळं विचारतो. किती मिळाले? काय म्हणाले? का आलीस? माझ्या शेजारची एक मुलगी सासरहून परत आली होती, माझ्याकडेच शिवण शिकायला यायची. सगळी गल्ली तिला विचारायची, का गं? दिवाळीनंतर ती परत गेली. सासर बदललं नव्हतं. गल्लीला उत्तर देऊन दमली होती. तेव्हा मला ते कळलं नाही. त्या गाडीत, पाइनच्या झाडांमधून जाताना कळलं.

मग मी माझं काम ठरवलं. पुढच्या फेरीला मोठा थर्मास घेऊन गेले. कुळथाचं कढण. आमसूल, मिरी, लसूण, वरून तूप. वॉल्टनं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं हे काय. मला कुळथाचं इंग्रजी येईना, गौरी म्हणाली घोड्यांचं धान्य. त्यानं माझ्याकडे असं बघितलं! पण प्यायला. मग दुसऱ्यांदा कप पुढे केला. जुलैपर्यंत बेन वर आला की मास्क काढायच्या आधी 'आई, सूप?' विचारायचा. मी कढण द्यायची, हातांवर कोमट पाणी ओतायची आणि हवेबद्दल बोलायची. हवा ही इथे मोठी सोय आहे, केतकी. कितीही बोललं तरी कोणाच्या जिवाला लागत नाही.

त्या उन्हाळ्याचं मला काय काय आठवतं सांगू? भिजलेल्या दोराचा वास. डिझेलचा वास. वर ऊन असून पाण्यात हात घातला की हाडापर्यंत जाणारी ती गार सुरी. किनाऱ्यावरच्या दुकानातलं चेरीचं लोणचं, ज्याला ते जॅम म्हणतात. आणि वर यायची ती पद्धत. मला वाटायचं, खाली जाणं अवघड. नाही. वर येणं अवघड. सरळ येता येत नाही, मध्ये दोराला धरून थांबावं लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. बोट डोळ्यांसमोर दिसते आहे, गारठून दात वाजताहेत, तरी तिथेच लोंबकळत राहायचं. वरून मला दोघांच्या सावल्या दिसायच्या, दोराला चिकटलेल्या. मी म्हणायची, या ना आता. वॉल्ट म्हणायचा, येऊ दे त्यांच्या वेळेनं.

चाकाचा दिवस सप्टेंबरात उजाडला. दोनदा वाऱ्यामुळे कॅन्सल झाला होता, आणि त्यानंतर वॉल्ट बोट किनाऱ्यावर काढणार होता. गौरी आदल्या दिवशी नीट जेवली नाही. लहानपणी गॅदरिंगच्या आधी असायची तशी, सगळ्यांना हो हो म्हणणारी आणि काही न ऐकणारी. सकाळी पाणी काचेसारखं. वॉल्टनं टोपी काढली, त्याचं बोलून झालं. मी हात जोडले नाहीत, मान हलवली. गौरी म्हणाली, 'येते, आई.' धप्प, धप्प.

मी थर्मासवर हात ठेवून बसले. ते चाक मीसुद्धा इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याचे आरे दिसत होते.

आणि बुडबुडे वळले. वॉल्टनं बघितलं, मीही बघितलं. अर्ध्या वाटेवरून असतील. मग ते थांबत थांबत वर येणं. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते राहू दे.

आधी बेन चढला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, ओठ जांभळे नव्हते, म्हणजे अंगठा त्याचा नव्हता. मग गौरी. मास्क काढला, डोळे लाल. मास्कनंही होतात. माझ्या जिभेवर तो शब्द आला होता गं. दातांपर्यंत. एवढी दोन वर्षं, एवढी धडपड, पाणी इतकं छान, जोडीदार ठणठणीत, मग का? आईला नाही विचारायचं तर कोणाला? वॉल्ट म्हणाला, 'गुड कॉल,' आणि दोर गुंडाळायला लागला. बेन, ज्याचं चाकही तिच्याबरोबर राहिलं होतं, माझ्याकडे वळून म्हणाला, 'आई, सूप?'

मी कप भरला, त्याला दिला. मग हिच्या हातांवर कोमट पाणी ओतलं. बोटं पांढरी पडली होती. एकेक बोट चोळलं, लहानपणी चोळायची तसं. मी विचारलं, 'तूप घालू का?' ती म्हणाली, 'घाल.'

एवढंच. नंतर आम्ही चौघं हवेबद्दल बोललो.

गाडीत बसल्यावर, पेट्रोल भरायला थांबलो तिथे, ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मग हसली. म्हणाली, 'आई, तू विचारलं नाहीस.' मी म्हटलं, 'विचारायचं नसतं ना.' ती म्हणाली, 'आणि आता? सीझन संपला. बंद करू का? तुझा हुकूम बाकी आहे.'

तो हुकूम मी सगळा उन्हाळा पदराला बांधून ठेवला होता. पण जी पोरगी इतकं हवं असलेलं समोर टाकून वळू शकते, तिला मी काय अडवणार? मला भीती पाण्याची नव्हतीच. ही हट्टी आहे, हिला परत फिरता येणार नाही, ह्याची होती. मी म्हटलं, 'पुढच्या वर्षी थर्मास मोठा घ्यायला हवा.'

ती का वळली, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. शपथ. कधी भाजी निवडताना सांगेल, कधी सांगणारही नाही. चाक तिथेच आहे. त्या पाण्यात ते कुठे जात नाही. आज सूटला पावडर लावताना ती गुणगुणत होती, एवढं मला पुरलं.

काल तुझ्या आईला हेच सांगितलं. म्हटलं, सुमन, तू तिला विचारणं बंद कर. ती चिडली. 'मी आई आहे तिची! मी नाही विचारायचं?' मी म्हटलं, अगं, म्हणूनच. फोन ठेवला तिनं. आज परत आला तेव्हा म्हणाली, 'बरं. मग बोलू काय तिच्याशी?' मी म्हटलं, हवा कशी आहे विचार. बोस्टनकडे हवेची कमी नाही.

तर बाई, तुझी ती पीएचडी, ते गाईड, ती लॅब, काय ते असेल ते, तुझ्यापाशी ठेव. मनात आलं तर सांग, नाही आलं तर नको. मध्येच दोराला धरून थांबली असशील, तर थांब. पण बोट इथे आहे, हे दिसू दे तुला. मेच्या अखेरीला वॉल्ट बोट पाण्यात सोडतो. त्याच्या आधी ये, म्हणजे आठ दिवस माझ्याजवळ राहशील, मग वाटलं तर बोटीवरही चल, कप धरायला मला एक माणूस हवंच आहे. तिकीट काढलंस की नुसती तारीख पाठव, बदाम नको. डेट्रॉइटच्या विमानतळावर घ्यायला गौरी येईल, आणि तिलाही सांगून ठेवलंय, काही विचारायचं नाही. दारात आलीस की एकच गोष्ट विचारीन, त्याचं उत्तर मात्र द्यावं लागेल: तूप घालू का? ये गं लवकर.